नवा बोअर, नव्या रिंगा आणि पहिले दहा तास

१ जून ते ३१ जुलै ही गोव्यातली मासेमारीबंदी. ट्रॉलर मालिमला, कुटबणला, शापोऱ्याला धक्क्याला बांधून पडतात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि होड्यांची आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेली, इंजिनं मिस्त्रीच्या शेडमध्ये उघडी पडतात. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीही पावसात बंद, म्हणून त्यांचीही इंजिनं त्याच रांगेत. कुणाचा पिस्टन बदलायचा असतो, कुणाचा सिलिंडर लेथवर नेऊन बोअर करायचा, म्हणजे आतून कोरून घ्यायचा असतो, कुणाचा क्रँकच सुटा झालेला असतो. मग ऑगस्ट उजाडतो आणि सगळ्यांना एकाच दिवशी दर्यात उतरायचं असतं. इंजिन हवाली करताना मिस्त्री सांगतो, "दहा तास जपून चालवा." जपून म्हणजे काय, हे तो सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

मग ज्याचा त्याचा अर्थ. एक जण इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून अर्धा दिवस फटफट चालू ठेवतो आणि समजतो की झालं रनिंग, म्हणजे नवं इंजिन रुळलं. दुसरा पहिल्याच दिवशी जाळं भरून थ्रॉटल पूर्ण पिळतो, कारण बाजूची होडी पुढे निघालेली असते. दोघांच्याही खर्चावर पाणी पडतं. दुसऱ्याचं चुकतंय हे कुणालाही कळेल. पहिल्याचं काय चुकतं, हे मात्र इंजिनाच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही.

सिलिंडर बोअर केल्यावर त्याची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगचे दगड फिरवून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात. उजेडाकडे धरून पाहिलं तर चटईच्या विणीसारखी नक्षी दिसते. या रेघांच्या खाचांत तेल टिकून राहतं, आणि खाचांमधले उंचवटे पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगेला घासतात. नवी रिंग सुरुवातीला भिंतीला सगळीकडून टेकत नाही, फक्त या टोकांवर टेकते. टोकं झिजत जातात, रिंगेची कडाही थोडी झिजते आणि काही तासांत दोघांचा मेळ बसतो. तेव्हा कुठे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या वायूचा दाब, धरलं जातं. लेथवाल्याने अर्धवट सोडलेलं हे शेवटचं घासकाम इंजिनाने स्वतः पूर्ण करायचं असतं. पहिले दहा तास म्हणजे तेच.

आता कळीचा मुद्दा. रिंगेचा स्वतःचा ताण तिला भिंतीवर टेकवतो खरा, पण तो फार नसतो. खरा जोर ज्वलनाच्या दाबातून येतो. तापलेला वायू पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे रेटतो. थ्रॉटल जेवढा उघडा, तेवढा हा रेटा मोठा. पिंपातल्या आयडलवर तो जेमतेम असतो. रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते, उंचवटे कापले न जाता हळूहळू गुळगुळीत होतात, आणि अर्धवट जळलेल्या तेलाचा थर खाचांत बसतो. भिंतीला झिलई येते. एकदा ती आली की रिंग तिथे कधीच नीट बसत नाही. कॉम्प्रेशन कमीच राहतं, थंडीत दोरी दहादा ओढावी लागते, धूर काही जात नाही. उपाय एकच, परत उघडा आणि परत होन करा. हा त्रास फोर-स्ट्रोकमध्ये जास्त ठळक दिसतो, पण टू-स्ट्रोकही त्यातून सुटत नाही.

मग जोर द्यावा तर उष्णता आड येते. पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बिडाची. तेवढ्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. त्यातून पिस्टन थेट जाळाच्या समोर आणि स्लीव्हच्या बाहेरून खेळतंय गार पाणी. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. शिवाय नव्या उंचवट्यांचं घर्षण स्वतःची उष्णता ओततंच. थंड इंजिन चालू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिला, तर पिस्टन लगेच फुगतो, स्लीव्ह अजून गारच असते. फट संपते, तेलाचा पातळ थर चिरडला जातो आणि अॅल्युमिनियम भिंतीला फासलं जातं. यालाच आपण पिस्टन जाम झाला म्हणतो.

म्हणजे जोर तर हवा, पण थोडा वेळ, आणि मध्ये दम घ्यायला सवड हवी. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मुळात जाम का झालं होतं?

दहा तासांचा हिशेब मांडण्याआधी हा प्रश्न मिस्त्रीला विचारलाच पाहिजे, आणि "जुनं झालं होतं" हे उत्तर पुरेसं नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच येतं. जिथे पेट्रोल कमी पोचतं तिथे तेलही कमी पोचतं, आणि हवेच्या मानाने इंधन कमी झाल्यामुळे आग जास्त तापते. कार्ब्युरेटरमधल्या एका बारीक जेटमध्ये, म्हणजे इंधन सोडणाऱ्या भोकात, कचरा अडकला की ही दोन्ही संकटं एकदम येतात. ज्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर असतो, तिथे एकच सिलिंडर जळालेला सापडला तर पहिला संशय त्याच्याच कार्बवर घ्यावा. क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तर तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, परिणाम तोच. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनात स्लीव्हभोवतीच्या पाण्याच्या वाटा मिठाने आणि गंजाने चोंदतात. थर्मोस्टॅट अडकून बसतो. पंपाचा इम्पेलर रबराचा, त्याची पाती वळून कडक होतात. यातलं काही न बदलता नुसता पिस्टन नवा घातला, तर नवा पिस्टन जुन्याच वाटेने जाणार. इम्पेलर किरकोळ किमतीचा असतो, इंजिन उघडलेलं असताना तो न बदलणं मला कधीच पटलेलं नाही.

उघडलेलं इंजिन परत जोडण्याआधी आणखी दोन गोष्टी डोळ्यांनी बघून घ्याव्यात. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, वायू आत-बाहेर जाण्यासाठी. बोअर मारल्यावर त्यांच्या कडा धारदार होतात आणि त्या हलक्या हाताने मारून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे ठेचकाळते. कापसाचा बोळा खिडकीच्या कडेवरून फिरवायचा. तंतू अडकले तर कडा अजून धारदार आहेत. दुसरं, होनिंगची पूड. ती पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतली तर पातळ होऊन खाचांतच बसते. साबण, गरम पाणी आणि ब्रश यांनी घासून, कोरडं करून, लगेच तेल लावायचं. मग पांढऱ्या फडक्याला तेल लावून आतून पुसायचं. फडकं करडं निघालं तर परत धुवायचं. ही पूड दगडाचीच असते, ती आत राहिली तर दहा तास कितीही जपून चालवा, रिंगा तासल्या जाणारच.

दोनपैकी एकच सिलिंडर बोअर केला असला तरी दहा तासांचा नियम पूर्ण इंजिनाला लागू.

तेल आणि आजचं पेट्रोल

यामाहाच्या एंड्युरोसारख्या पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या इंजिनांना पहिल्या दहा तासांसाठी २५:१ मिश्रण सांगितलेलं असतं आणि पुढे बहुतेक मॉडेलना ५०:१. लिटरला पहिल्या वेळी ४० मिली, नंतर २० मिली. २४ लिटरच्या लाल टाकीला पहिल्या वेळी ९६० मिली, म्हणजे जवळजवळ एक लिटर तेल. तेल वेगळ्या टाकीतून आपोआप घेणाऱ्या इंजिनात त्या सोयीच्या भरवशावर न राहता दहा तास टाकीतही तेल मिसळतात. किती, ते त्या मॉडेलची पुस्तिका सांगते, आणि तीच ऐकावी.

"आणखी थोडं घालूया, सुरक्षित" म्हणून १५:१ करू नये. तेल वाढलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, प्लग ओले होतात, आणि वर काजळी साचते ती वेगळीच. तेल कुठलं, याला मात्र महत्त्व आहे. डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं असावं. हे पाण्याने थंड होणाऱ्या आऊटबोर्डसाठीचं, जळाल्यावर राख न ठेवणारं तेल. पेट्रोल पंपावर मिळणारं स्कूटरचं टूटी तेल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी बनतं. ते आऊटबोर्डमध्ये चालतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील. काही दिवस चालतंही. राख रिंगांच्या खाचांत साचते, आणि ज्या रिंगा आपल्याला मोकळ्या ठेवायच्या त्याच चिकटतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या इंजिनवाल्यांनी हे हलक्यावर घेऊ नये. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने निवडलेले असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडं कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन थोडं जास्त तापतं. नव्या पिस्टनला हे नको असतं, म्हणून जेट एक नंबर मोठा घालावा का, हे मिस्त्रीशी बोलून ठरवावं. इथेनॉल पाणीही ओढतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवली, तर पाणी आत शिरायला झाकणाची फट पुरते. ठरावीक प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला बसतं. तेल राहतं वरच्या पेट्रोलात, आणि टाकीची नळी ओढते तळाचं. नव्या बोअरला याहून वाईट काही देता येणार नाही. तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी ओतून द्यायची. बंदीच्या आधी भरलेलं पेट्रोल पहिल्या दिवसाला वापरूच नये. जुनी रबरी नळीही बदलून टाकावी, इथेनॉल तिला आतून सोलतं आणि ते कण सरळ कार्बमध्ये जातात.

नदीत, भरतीबरोबर

पहिली दहा मिनिटं पिंपात चालतात. पाणी इंजिनाच्या पंख्यावरच्या आडव्या पत्र्याच्याही वर असावं, गिअर न्यूट्रलमध्ये, वेग आयडलच्या किंचित वर. पिंपातलं पाणी लवकर तापतं, म्हणून फार वेळ नाही. गळती, आवाज, पाण्याची धार एवढं बघून इंजिन होडीवर चढवावं. उरलेलं काम पाण्यातच होतं, कारण पंख्यावर भार नसताना रिंगेवर जोर येत नाही.

जागा नदीची निवडावी. शापोरा शिवोलीच्या पुलापर्यंत, साळ बेतूलकडून आत, नाहीतर मांडवी. मांडवीत कॅसिनोच्या फीडर बोटी, रायबंदर-चोडणची फेरी आणि बार्ज यांमधून वाट काढावी लागते, वेग मनाप्रमाणे बदलता येत नाही, म्हणून शक्य असेल तर दुसरीकडे. वेळ भरतीची घ्यावी आणि वरच्या दिशेला निघावं. इंजिन बंद पडलं तर भरती होडीला आत नेते, ओहोटी तोंडाकडे नेते, आणि तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असतात. जोराचा पाऊस झाल्यावर नदीचा लोंढा भरतीलाही दाद देत नाही, तेव्हा एक-दोन दिवस थांबलेलं बरं. वल्ही आणि नांगर होडीत हवेतच, सोबत दुसरं माणूसही. जाळं घरी ठेवा. भरलेली जड होडी इंजिनाला कमी फेऱ्यांत जास्त जोर करायला लावते, आणि रनिंगमध्ये ते पूर्ण थ्रॉटलइतकंच वाईट.

पुढची ५० मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या आत, साधारण मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत, आणि एकाच वेगाला चिकटून न राहता. थोडं वर, थोडं खाली, मधे आयडल. वर नेल्यावर रिंग रेटली जाते, खाली आणल्यावर पिस्टन थंड होतो आणि खाचांत नवं तेल येतं. दुसऱ्या तासात पाण्यावर उचलून धावणारी फायबर बोट असेल तर ती पूर्ण थ्रॉटलने उचलायची आणि लगेच तीन-चतुर्थांशावर, म्हणजे ४००० फेऱ्यांच्या आसपास आणायची. मधूनच एक मिनिट पूर्ण, आणि त्यानंतर दहा मिनिटं तीन-चतुर्थांश किंवा खाली. एकाला दहा, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिसऱ्या ते दहाव्या तासात कसंही चालवा, फक्त पूर्ण थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि दोन पूर्ण थ्रॉटलच्या मध्ये इंजिनाला विसावा. हा क्रम यामाहाच्या टू-स्ट्रोकचा आहे. इतर कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, विचार तोच.

लांबट पारंपरिक होडी पाण्यावर उचलली जात नाही, तिथे दुसऱ्या तासातला उचलण्याचा भाग सोडून द्यायचा आणि बाकीचं तसंच करायचं.

फेऱ्या मोजायचं मीटर हँडलवाल्या इंजिनांना सहसा नसतं. मग ३००० कसं ओळखायचं? पिळायच्या मुठीवर आयडल आणि पूर्ण यांच्यामध्ये नेलपॉलिशचे दोन ठिपके लावून ठेवायचे, एक अर्ध्यावर, एक पाऊणवर. अर्धी मूठ म्हणजे बरोबर अर्ध्या फेऱ्या असं नसतं, थ्रॉटल पहिल्या अर्ध्यातच बरंच काम करून जातो. पण रनिंगपुरता हा अंदाज चालतो. आणखी एक: पंखा जास्त पिचचा, म्हणजे एका फेरीत जास्त पाणी कापणारा, असेल तर पूर्ण थ्रॉटललाही इंजिन वर चढत नाही. ४० अश्वशक्तीच्या बऱ्याच टू-स्ट्रोकना पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेऱ्या मिळायला हव्यात. मिस्त्रीकडून मीटर लावून एकदा तपासून घ्यावं.

दहा तास एका दमात करायची गरज नाही. उलट मधे पूर्ण थंड होऊ देणं चांगलं, कारण प्रत्येक वेळी तापून थंड होताना भाग आपापल्या जागी बसतात. काही मॉडेलना पहिल्या थंड होण्यानंतर हेडचे बोल्ट परत कसायला सांगितलेलं असतं. पुस्तिकेत असेल तरच कसावेत, अंदाजाने पिळू नयेत.

चालू असताना सतत बघायची गोष्ट म्हणजे मागून उडणारी पाण्याची धार. धक्क्यावरून कुणी "उदक मारता मरे?", म्हणजे पाणी मारतंय ना रे, असं ओरडून विचारतं ते याचसाठी. धार बारीक झाली, तुटक झाली, तर आधी थांबा, मग विचार करा. हाताला ती कोमट लागावी. चटका देणारी धार किंवा वाफ म्हणजे पाणी कमी फिरतंय. ऑगस्टमध्ये नदी मातट असते, वाहून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पाणी ओढायच्या जाळीवर बसतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला जास्तच लक्ष हवं.

धार ठीक आहे आणि तरी मूठ न हलवता इंजिन आपोआप मंदावतंय, आवाज जड होतोय, दबल्यासारखा, तर पिस्टन धरायला लागलाय. मूठ खाली, गिअर न्यूट्रलमध्ये. पाणी येत असेल तर आयडलवर थोडा वेळ राहू द्यायचं, येत नसेल तर लगेच बंद. थंड झाल्यावर दोरी हळू ओढून बघा, अडखळत नसेल तर हळू परत या. "जरा रेटलं की मोकळं होईल" हा सल्ला देणारा नेहमी किनाऱ्यावर उभा असतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिल्यानेही दहा मिनिटांत इंजिन असंच भुकेजतं, म्हणून घाबरण्याआधी तो बघावा.

दोन-तीन तासांनी प्लग काढून बघावेत. फिकट तपकिरी रंग उत्तम. ओले काळे दिसले तर २५:१ मुळे ते अपेक्षितच आहे, जवळ सुटा जोड ठेवा. एखादा पांढरा, कोरडा, खरखरीत दिसला तर तो सिलिंडर तापतोय. पुढे जाऊ नका, इंधन का कमी पडतंय ते शोधा.

फोर-स्ट्रोकचं थोडक्यात. तेल वेगळं असल्याने मिश्रणाची कटकट नाही, पण पहिला तास २००० फेऱ्यांच्या आसपास, दुसरा ३००० च्या, आणि उरलेल्या आठ तासांत पाच मिनिटांचा तोच नियम. झिजलेल्या धातूची पूड इथे तेलात फिरत राहते, म्हणून पहिलं तेल वीस तासांनी, फिल्टरसकट, काढून टाकायचं. तेल चमचमतं दिसेल. थोडी चमक स्वाभाविक आहे, बोटाला लागणारे तुकडे नाहीत. गिअरचं तेलही तेव्हाच बदलावं. ते दुधाळ निघालं तर सील गळतंय.

रोज परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं, हे नव्या बोअरलाही लागू. सुरुवातीला एकदा आणि दहा तासांनी एकदा कॉम्प्रेशन मोजून ते वहीत लिहावं. रिंगा बसल्या असतील तर आकडा वाढलेला दिसतो, आणि दोन सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत यायला हवा. वाढला नाही, किंवा एकच सिलिंडर मागे राहिला, तर मिस्त्रीकडे मोसम लागायच्या आतच जावं.

टाकीत उरलेलं २५:१ मिश्रण ओतून द्यायची गरज नाही. जेवढं उरलंय तेवढंच साधं पेट्रोल त्यात घाला, ५०:१ होतं.